बाजरीतली तूर

आकुर्डी, मंगळवार, नोव्हेंबर १९७४

सापडलं! महिनाभर डोकं खाणारं कोडं आज जेवणाच्या सुट्टीत सुटलं. कारखान्यात चपळ पोरं एका लाइनवर आणि जुनी, सावकाश माणसं दुसरीवर, ही वाटणी माझीच. तेव्हापासून पोरांचाच माल जास्त रिजेक्ट होतोय. का?

चऱ्होली गावचे कामगार किसनराव भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सायेब, आमी बाजरीत तूर पेरतो. तूर सावकाश वाढती, पन जमिनीचा कस राखती. तुमी तूरच उपटली की."

तूर! मशीनचा आवाज बदलला की जुनी माणसंच आधी ओळखायची, पोरांना थांबवायची. मला कसं दिसलं नाही? उद्याच सगळ्यांना मिसळतो. मॅनेजर ओरडला तर ओरडू दे.

आत्ता सावकाश माणसांची यादी फाडायला काढली. पहिलंच नाव किसनरावांचं. माझ्याच अक्षरात.