आतेच्या पत्राचं चौथं पान

लंडन,
४ फेब्रुवारी २०२४

चि. किशोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या बाबांच्या कानांना फोन पेलत नाही, म्हणून पहिली तीन पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांत इथली थंडी, माझा गुडघा आणि शेजारणीचं मांजर आहे. हे चौथं पान नेहमीसारखं तुझ्यापुरतं.

इथे रीतसर राहू देण्याच्या माझ्या अर्जाचा निकाल अजून नाही. त्या मुंबईच्या कुटुंबाची मुलं सांभाळायला मी अकरा वर्षांपूर्वी इथे आले, त्यांनी माझा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला, आणि दोन वर्षांनी मी अंगावरच्या कपड्यांनिशी तिथून निघाले, हे फक्त तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी इथे बिनकागदाची आहे. कागद झाले, की मिठबावला येऊन बाबांना भेटता येईल. त्याआधी पकडले गेले, तर महिनोन्महिने कोंडून ठेवतील आणि गुन्हेगारासारखी परत पाठवतील. तशी मान खाली घालून मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही.

आता हसू नको. माझ्यासारखी आम्ही सात माणसं एका चर्चच्या तळघरात नाटक बसवतोय. ज्याने त्याने आपली गोष्ट स्वतः सांगायची. लूझ नावाची फिलिपिन्सची बाई आपली गोष्ट सांगताना एकच शाळेचा शर्ट इस्त्री करत राहते. तो परक्या मुलाचा. तिचा स्वतःचा मुलगा तिकडे तिच्याविना मिशा फुटण्याएवढा झाला. तिच्या धिटाईपुढे मी अजून तोंड उघडलेलं नाही. नावं मात्र सगळ्यांनी खोटी घ्यायची, असं आमचे अर्ज बघणाऱ्या वकीलबाईंनी बजावलंय.

माझ्या गोष्टीत बाबा येतात. जत्रेतला दशावतार संपवून पहाटे ते लुगड्यातच घरी यायचे आणि विहिरीवर तोंड धुताना राणीचे पुन्हा बाबा व्हायचे, ते मला सांगायचंय. पण त्यांना न विचारता कसं सांगू? आणि विचारायचं तर सगळंच सांगावं लागेल. तू ठरव. तू तर न केलेल्या खोडीचीही गुरुजींकडे कबुली देऊन यायचीस!

गुडघ्याची काळजी करू नये, माया मात्र आहे तेवढी राहू दे.

तुझी आते,
मथुरा

*

मिठबाव,
२२ फेब्रुवारी २०२४

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. मोहोर या खेपेला बरा टिकलाय. ओल्या काजूंच्या चिकाने माझे हात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं.

आते, मी काही ठरवण्याआधीच ठरून गेलं. तीन पानं वाचून मी पत्राची घडी घातली. आजोबांनी हात पुढे केला आणि विचारलं, पानां चार नि वाचलंस तीन, चौथां खंय? मी म्हटलं, त्यात माझ्यासाठी लोणच्याची कृती आहे. ते म्हणाले, गो चेडवा, जल्मभर रंगमंचार उभ्या उभ्या पदरचां बोललंय मी, माका तुझां पदरचां कळाचां नाय?

पाटीवर मला अक्षरं त्यांनीच शिकवली. माझं वाचणं कुठे अडखळतं, ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? मी रडले आणि चौथं पान वाचलं. आधीचीही सगळी पेटीतून काढून वाचली. आजी गेली तेव्हा तुला रजा मिळाली नाही असं मी सांगितलं होतं, तेही खोटं होतं, हेही सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत, हेच मला जड गेलं. दिवेलागणीला म्हणाले, तिका लिही, माझां लुगडां खुशाल सांग, पण विहिरीर मी तोंड धुतलंय तां राखेन, साबणान न्हय.

मला मात्र भीती वाटते. तळघर असलं तरी दार असतंच ना, आते? कोणीही आत येऊ शकतं. नाव तेवढं जप. भाचीच्या आगाऊपणाकडे काणाडोळा करून आशीर्वाद असावा.

तुझी,
किशोरी

*

लंडन,
१७ मार्च २०२४

चि. किशोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू घाबरलीस तेच झालं, आणि ते मीच केलं.

काल पहिला प्रयोग होता. रंगमंचावर फक्त एक लाकडी बाकडं, आपल्या जत्रेत राजाचं सिंहासन असतं तसं. माझी वेळ आली आणि आमच्यातल्या घानाच्या माणसाने ढोलावर थाप मारली. किशोरी, त्या थापेसरशी मला काही आठवेना. लिहून पाठ केलेली वाक्यं गेली, खोटं नाव गेलं. लहानपणी आडोशाला बसून शेकडो वेळा पाहिलं होतं, तशी मी गिरकी घेऊन आत शिरले, बाकड्यापाशी थांबले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की मी मथुरा, मिठबावच्या सत्यवान दशावताऱ्याची लेक. दीडशे अनोळखी माणसांसमोर!

पुढचं मात्र उत्तम झालं म्हणतात. राखेने तोंड धुण्यापाशी एक म्हातारी इंग्रज बाई उठून उभीच राहिली. पण रंगमंचामागे आल्यावर लूझने मला गच्च धरलं आणि विचारलं, की हे काय करून बसलीस? वकीलबाईंनी फोनवरून झाडलं. एप्रिलच्या अखेरीस आणखी चार प्रयोग आहेत. ऐकणाऱ्यांतल्या एकाने जरी कुठे कळवलं तरी संपलं. मी उरलेल्या प्रयोगांतून अंग काढून घ्यावं म्हणते. पुन्हा थाप पडली, तर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही.

हे पानही बाबांना वाच. आता लपवून काय करू? रागवा, पण परकी करू नका.

तुझी आते,
मथुरा

*

मिठबाव,
३ एप्रिल २०२४

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी भीत भीत वाचत होते आणि आजोबा ठसका लागेपर्यंत हसत होते. म्हणाले, पात्र आत इलां काय पयलां नाव सांगतलांच, तिचो काय दोष? मग गंभीर झाले. म्हणाले, पण चुकली ती येका ठिकाणी. नाव सांगूचां तां पात्राचां, आपलां न्हय. चाळीस वर्षां लोकांनी रुक्मिणी बघली, सत्यवानाक कोणी वळाखल्यान?

त्यांनी सांगितलंय, की अंग काढून घेऊ नको. थाप पडली की नाव येणारच, तर त्यांची रुक्मिणी घे. ती आता घरात रिकामीच बसून आहे.

माझ्या मनाला लगेच कीड लागली. मी विचारलं, की खऱ्या गोष्टीत खोटं नाव, हे पुन्हा खोटंच नाही का? ते म्हणाले, खोट्यात येकट्याकच म्हायत आसता, सोंगात बोलणाऱ्याक नि बघणाऱ्याक, दोघांकय. आते, मग मला कळलं, की तीन पानं वाचताना मी काय करत होते.

तुझ्याइतकं धीट मला एका जन्मात होता येणार नाही. मी शाळेच्या गॅदरिंगला पडद्यामागूनसुद्धा बोलले नव्हते! रोज सकाळी मी पोस्टमनची वाट बघते, आणि आजोबा माझी. आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.

तुझी,
किशोरी

*

लंडन,
५ मे २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्याच नावाने. किशोरीने सगळं मोठ्याने वाचावं.

चारही प्रयोग झाले. निकाल अजून नाही, आणि पहिल्या दिवशीचं माझं नाव कोणी कुठे नेलं का, ते कळायला मार्ग नाही. दारावर टकटक झाली की मी अजून आधी दिवा मालवते. पण मी थांबले नाही.

प्रयोगाआधी रिकाम्या रंगमंचावर जाऊन बाकड्याला हात लावला, तुम्ही सोंगांच्या पेटाऱ्याला लावायचात तसा. थाप पडली. मी शिरले आणि सांगितलं, मी रुक्मिणी. बापाचं नाव काही सांगितलं नाही. गोष्टीतल्या विहिरीपाशी आले, तोंडाला राख लावली, धुतली, आणि मान वर केली. तेव्हा लूझ रंगमंचामागून बघत होती. नंतर म्हणाली, की त्या क्षणी तू कोणा पुरुषासारखी दिसलीस, म्हातारा, पण देखणा.

पत्रात पानं तीनच आहेत, बाबा. मोजून घ्या. चौथं नाही.

तुमची लेक,
मथुरा