झुलत्या फळीपाशी

बाबा, परवा माझ्या मुलीने माझ्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला. आहे नवाच, पण मुद्दाम आपल्या वेळच्या टीव्ही गेमसारखा केलाय. तेच चौकोनी ठिपक्यांचं चित्र, तेच टिंगटिंग गाणं. एक ढेरपोट्या आचारी झारा घेऊन या कढईवरून त्या कढईवर उड्या मारत जातो. पडला की वरचे ढग दात काढतात आणि खाली टोमणा येतो, ‘भाईसाहब, गड्ढा वहीं है जहाँ कल था.’ पहिल्या दहा वेळा हसू येतं. मग लक्षात येतं की बटन दाबल्यावर गडी जरा उशिराच उडतो, तीन जीव गेले की सगळं पहिल्यापासून, आणि टोमणे मात्र संपत नाहीत. मी कामाला आहे त्या रसमडा गावच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हेच करत बसतो. चिडून मोबाइल उलटा ठेवतो, पुन्हा उचलतो. एरवी हल्ली मला फारसं काही वाटत नाही. हा राग येतो तेवढाच.

आपला गेम तुम्हीच आणला होता, मी सातवी पास झालो म्हणून. त्यात एका खड्ड्यावर झुलती फळी होती आणि मी पंधरा दिवस तिथेच मरत होतो. त्या दिवशी तुमचा रेस्ट होता, आठवड्याची सुट्टी. तुम्ही बनियनवर माझ्या शेजारी सतरंजीवर बसलात आणि म्हणालात, “मले दे ना एक डाव.” स्टील प्लांटमध्ये वितळलेल्या लोखंडाची बादली क्रेनने थेंब न सांडता नेणारा माणूस, आणि इथे पहिल्याच खड्ड्यात गेलात. क्रेनवाला भार उचलला की थांबतो, त्याचं झुलणं थांबेपर्यंत झोका मोडू देतो, मगच पुढे सरकतो. तुम्ही प्रत्येक खड्ड्याच्या काठावर तसेच थांबायचे, आणि मागून येणारा खेकडा तुमच्या माणसाला आत ढकलायचा.

“बाबा, पळत पळत उडी मारा ना. थांबून कावून राहिले तुमी?”

“पयले झोका मोडू दे.”

“हे काही क्रेन नाही.”

तासभर हेच चाललं. मग तुम्ही हातातलं गेमचं पॅड खाली ठेवलं आणि आईला बोलवायला स्वयंपाकघरात गेलात. ती पिठाच्या हातांनी तुमच्यामागून आली, तेव्हा टीव्हीवर गेम पहिल्यापासून सुरू झालेला होता. मी म्हणालो, “मेला तुमचा माणूस. तुमाले नाही जमत, बाबा. द्या इकडे.” आई हसली. तुम्हीही हसलात, “बरं” म्हणालात, आणि त्यानंतर पॅडला कधी हात लावला नाही.

पुढे प्लांटमधल्या तुमच्या शॉपमध्ये रिमोटवर चालणारी क्रेन आली. गळ्यात पेटी अडकवायची, त्यावर बटनं आणि एक छोटी दांडी. ट्रेनिंगच्या यादीत तुमचं नाव होतं आणि तुम्ही ते काढायला लावलं. क्रेनच्या केबिनमधून उतरून रिटायर होईपर्यंत खाली धगीत उभे राहिलात, दुसऱ्याच्या क्रेनला हाताने इशारे करत. मला वाटायचं, डोळ्यांमुळे असेल. तुम्ही गेलात त्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक उठले आणि तुमचे एक जुने जोडीदार माझ्याजवळ येऊन बसले. “तुह्या बापाले साहेबानं लय समजावलं,” ते म्हणाले. “पन तो म्हने, माह्या पोट्ट्याले इचारा, मले ते बटनाचं काम जमत नाही. हासत सांगे सगळ्याइले.” तेही हसले. मी त्यांना चहा आणून दिला. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. अंगाखाली दबून हात बधिर व्हावा तसं काहीतरी झालं, आणि मी वाट पाहिली, पण मुंग्यासुद्धा आल्या नाहीत.

आज रविवार. रुआबांध्याच्या या घरात दुपारी खेळताना मुलगी खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “पापा, आप रुकते ही नहीं हो.” मी मोबाइल तिला देऊन टाकला आणि हे लिहायला बसलो.

तुमचा माणूस मेला नव्हता, बाबा. तुम्ही काठावर थांबलात, फळीचा झोका मोडू दिलात आणि चालत पलीकडे गेलात. मी पंधरा दिवसांत एकदाही पलीकडे पोचलो नव्हतो. तुम्ही आईला ते दाखवायला म्हणूनच बोलवायला गेला होतात. तेवढ्यात मी रिसेटचं बटन दाबलं.

आई बाजूच्या खोलीत झोपली आहे. तिलाही हे सांगितलेलं नाही.