निवडीच्या दिवशीची चढाई

वरोरा
दि. १९ नोव्हेंबर २०२४

प्रिय लोकेश,
सप्रेम जय भीम.

तुझ्या आईचं, मावशींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं माझ्या बहिणीनं, पिंकीनं, फोनवर सांगितलं. आता त्यांना नीट दिसत असेल. तुझं मोबाईल दुरुस्तीचं दुकानही चौकात नेलंस म्हणे. बरं केलंस. मी इथं कॉलेजच्या पोरींना कबड्डी शिकवतो.

लीगचं विचारशील, तर ते संपलं. पहिल्या मोसमात टीव्हीवर दिसलो, तेव्हा धानोऱ्यात फटाके फुटले होते. दुसरा जवळजवळ सगळा बाकावर गेला. तिसऱ्यात खांदा निखळला आणि संघानं यादीतून नाव काढलं. वाईट वाटलं, पण रडू आलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे.

काल सरावात दिव्यानी नावाची माझी सगळ्यात चपळ पोरगी चढाईला गेली आणि कोपऱ्यातल्या पोरीच्या पकडीत सापडली. मध्यरेषा वीतभर राहिली होती. तेवढ्यात पकडणारी पोरगी खालून ओरडली, "पाय! माहा पाय!" दिव्यानीनं तिथंच दम सोडला आणि तिच्याशेजारी बसली.

मी तडकलो. "गुण हातात होता. काऊन सोडला?"

"सर, तिले लागलं होतं ना."

मी सराव बंद केला.

लोकेश, चंद्रपूरला विद्यापीठ संघाची निवड होती, त्या सकाळी तू गुडघ्याला पट्टी बांधत म्हणाला होतास, "डावा पाय भार घेऊन नाई राह्यला. कोणाले सांगू नको." ते फक्त मला माहीत होतं. दुपारी आपण समोरासमोरच्या संघांत आलो, आणि मी तिन्ही चढाया तुझ्याच कोपऱ्यावर केल्या. तिसऱ्या वेळी तू माझा घोटा धरलास, तुझा पाय खाली दुमडला आणि तू ओरडलास, "थांब अश्व्या, थांब!" मी तुला ओढत रेषेपर्यंत नेलं. निवड करणारे माझ्याकडेच बघत होते.

दवाखान्यात मी म्हटलं, "गलक्यात मले ऐकूच नाई आलं." तू म्हणालास, "जाऊ दे बे."

मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळचं 'थांब'.

त्या संघातूनच लीगवाल्यांनी मला उचललं. त्याच महिन्यात वनरक्षकाच्या भरतीत तू धावता धावता अर्ध्यातच खाली बसलास. गावच्या सत्कारात मावशींनी मला हार घातला, डोकं जवळ ओढून म्हणाल्या, "माह्या लोकेशच्या वाटचंबी खेळजो, बाबू." मी मान डोलावली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

आज पोरींना गोल बसवून सगळं सांगितलं. शेवटी दिव्यानीनं विचारलं, "सर, त्यायले सांगितलं का?"

म्हणून हे पत्र. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, आणि मी नेऊ दिलं असतं.

रविवारी धानोऱ्याला येतो. मावशींनाही मीच सांगीन. त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तर निमूट पुढची एसटी धरीन. माफ कर, असं म्हणायची माझी हिंमत नाही. तुला जे म्हणायचं असेल, ते समोर उभं राहून ऐकीन.

खाली 'तुझा मित्र' असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. तो शब्द परत लिहायचा की नाही, ते तू ठरव.

अश्वजित