दिल्ली दोन तास, दवाखाना चार

नाशिक. मंगळवार, मे अखेर, संध्याकाळ.

आज इथल्या द्वारका चौकाजवळच्या सभेत पुन्हा तेच वाक्य फेकलं: ओझरहून विमानाने दिल्ली दोन तास, आणि सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकचा दवाखाना चार तास! टाळ्यांचा कडकडाट.

सभा संपल्यावर त्याच पाड्यांकडच्या सोनीबाई पुढे आल्या. "ताई, चार तास कोरड्या दिवसातले. नदीला पाणी आलं का रस्ताच नाय. सुनेला आठवा लागलाय."

"म्हणूनच तर बोलते ना मी!"

"बोलता लय भारी. पण तिला आत्ताच इथं आणली, तर ठेवायची कुठं?"

"बघते," म्हणाले मी. हा शब्द मंत्र्यांच्या तोंडून आला की मी त्यांच्यावर किती तुटून पडते! दिल्लीला इतक्यांदा उडाले, त्या पाड्यावर एकदाही गेले नाही. ते चार ताससुद्धा वर्तमानपत्रातून उचललेले.

आणि माझी वरची खोली? खाटेवर नुसती पुस्तकं पडली आहेत. बाळंतपणापर्यंत दोघी सहज राहतील. हे तिथल्या तिथे का सुचलं नाही? की सुचलं होतं?

आत्ता सोनीबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे भाषणातलं नाय ना, ताई?"

नाही म्हटलं. परवाच या.