नखावरची शाई

प्रिय प्राची,

हे पत्र घेऊन तुझे बाबा सकाळच्या एसटीने यवतमाळला येतील. त्यांना चहा नंतर दे, आधी हे वाच.

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून माझा राग उतरलेला नाही. मिहिकाच्या वर्गात दोन मुलींना गोवर निघाला, लशीचे दोन्ही डोस झालेत का म्हणून शाळेने लेखी विचारलं आणि तू कार्ड न बघता ‘हो’ लिहून दिलंस. शाळेनेही ते मुकाट ठेवून घेतलं. सहलीला जायचं तर आधार कार्डाची प्रत मागतात, इथे मात्र आईचा शब्द पुरला. गाडीच्या विम्याची तारीख तुला तोंडपाठ असते. लेकीच्या लशीची का असू नये?

कार्ड माझ्याकडेच आहे. पहिला डोस नवव्या महिन्यातला, दुसरा रकाना कोरा. दुसऱ्याच्या वेळी तिला ताप होता, मग तुझी बदली झाली आणि राहूनच गेलं. मी ते आपल्या बाभुळगावच्या आशा सेविका लालीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “बाई, पोरगी सहावीत गेली अन् रकाना अजून कोराच हाये. पूजेले ठेवलं होतं का हे कार्ड?” शंका असली तर डोस पुन्हा दिल्याने काही बिघडत नाही, असंही त्यांनी सांगितलं. हे तुला सांगितलं तर तू हसलीस. म्हणालीस, “आई, तो डोस शाळेतल्या मोहिमेत झाला. तिच्या नखावरची शाई मी स्वतः पाहिली.”

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेनंतर सिस्टर रोज नखं बघायच्या. माझं पेन गळकं. मी शाईचा अंगठा मुठीत लपवून हात पुढे करायचे. सिस्टर रागवायच्या नाहीत, मूठ उघडेपर्यंत नुसत्या समोर उभ्या राहायच्या. कालपासून त्या फार आठवताहेत.

त्या मोहिमेच्या वेळी तू परीक्षेसाठी नागपूरला होतीस आणि चार वर्षांची मिहिका माझ्याजवळ. आदल्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, लशीने मुलं आजारी पडतात असा. एवढी शिकलेली बाई मी, तो खरा मानला. पोटदुखीचं निमित्त सांगून तिला घरी ठेवलं. लस घेतलेल्या मुलांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर काळी खूण करत होते. संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल येणार होता. मी कपाटातून बाबांचा मार्कर काढला.

तू पाहिलीस ती शाई मी लावली होती, प्राची. काल फोनवर मला तुझ्यावर ओरडता आलं, एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. बाबांनाही ठाऊक नाही, म्हणून पाकीट चिकटवलंय. कार्ड सोबत आहे. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आजच तिला दवाखान्यात ने. आता सुई कशाला, असं तिने विचारलं तर खरं ते सांग. आजीमुळे.

तुझीच,
आई