फळ्याला कुंकू

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी कृष्णातचा दंडवत. आक्काचे गुडघे आणि तुमचा खोकला (बिडी सुटली असेल तर) बरे असतील, असं धरून चालतो.

पत्रास कारण, आपल्या गावच्या शाळेत बोटानं चालणारा फळा आला. नुसतं बोट टेकवायचं, की आत समुद्र उघडतो, ज्वालामुखी पेटतो. मी तोंड मिटायचं विसरलो, दाजी. शाळा समितीचा अध्यक्ष मी, आणि माझीच सूनबाई तेजस्वीला कागलच्या इंग्रजी शाळेत घालायला निघालेली. (एवढीशी नात रोज बसमध्ये आदळत जाणार, या विचारानं मला भाकरी गोड लागत नव्हती.) फळा बघून मन वळेल म्हणून उद्घाटनाला सूनबाईला मुद्दाम पुढं बसवलं.

आता नवी वस्तू पूजेशिवाय सुरू करायची आपल्यात रीत नाही. ट्रॅक्टरची झाली, गिरणीची झाली, मग फळ्यानंच काय घोडं मारलंय? शाळेच्या दीपा मॅडम नको नको म्हणत असताना मी ओल्या कुंकवाचं बोट फळ्याच्या कडेला ठसठशीत टेकवलं. फळा काळाभोर झाला आणि त्यातून कडं घातलेला शनी फिरत पुढं आला, पार भिंतीएवढा. अख्ख्या गावानं हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला सांगू. एवढं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पण तो परत जाईना. कुंकू फटीत शिरलंय, आणि तिथं कुणीतरी बोट टेकून उभं आहे असंच फळा समजतो, असं मॅडम म्हणतात. गणिताला शनी, मराठीलाही शनी. शनिवारी बायका तेलाच्या वाट्या घेऊन शाळेत हजर. सर्वांत पुढं सूनबाई. एकच ग्रह शिकवणाऱ्या शाळेत पोरगी ठेवणार नाही, असं तिचं म्हणणं (तेल मात्र घातलेलं बरं).

आक्काला नमस्कार सांगावा.

आपला,
कृष्णात

ता. क. तुमचा पृथ्वीराज पुण्यात असल्याच यंत्रांचं काम करतो, त्याला धाडा. मामाकडं जेवायला आलोय म्हणू दे. फळा आजारी आहे हे कळलं तर गावची सगळीच पोरं कागलच्या बसमध्ये बसतील.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत हे घडलं. आज पुन्हा शनिवार. तेजस्वी शाळेच्या दारात आडवी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ह्यो देव न्हाय, ग्रह हाय. ती कडी बर्फाची हायत की. तेल कशाला?" सूनबाई भरली वाटी घेऊन घरी आली, त्या तेलात भजी तळली आणि बसचं नाव काढलं नाही. तरी पृथ्वीराजला धाडाच. पोरगी येता-जाता विचारते, "आबा, शनीच्या पल्याड काय हाय?" आणि दाजी, मला ठाऊक नाही.