रिम्मा आत्याने न दिलेला कोट

येकातेरिनबुर्ग, ११ नोव्हेंबर

ती. रिम्मा आत्यास,
ग्लाशाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, आधी खुर्चीत बस आणि मग वाच. चौदा डिसेंबरला सोलिकाम्स्कला माझा कार्यक्रम ठरलाय, तोही तुझ्याच संस्कृती भवनात, जिथे तू एकतीस वर्षं प्रेक्षकांचे कोट सांभाळतेस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

दातांच्या डॉक्टरकीचं तिसरं वर्ष सोडून मी इथे आले, तेव्हा एका तळघरातल्या बारमध्ये नऊ जणांपुढे कविता म्हटल्या होत्या. त्यातले चौघे फुटबॉलची मॅच बघायला आले होते. आता चारशेची सभागृहं भरतात. मी कविता म्हणते, माझा मित्र मकार मागे बसून सुताराची करवत गुडघ्यांत धरून व्हायोलिनच्या गजाने वाजवतो, आणि एकाच कवितेला अर्धे लोक रडतात, अर्धे हसतात. मासिकात फोटोही आलाय. त्यात करवत माझ्यापेक्षा छान दिसते.

पण बाबांचं काय करू? लोक जिथे तिथे माझी 'फलाट' ही कविता मागतात. मी घर सोडलं त्या दिवशी बाबांनी माझी बॅग डब्यात ठेवली आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून ते निघून गेले, हातसुद्धा केला नाही, असं तिच्यात आहे. पाच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि मी मात्र हे गावोगाव सांगत फिरतेय. त्यांच्यासमोर ती कशी म्हणू? तरी त्यांनी यावं असं फार वाटतं. तू काहीतरी कर.

पोसिकुंचिकी, त्या तुझ्या खिम्याच्या छोट्या करंज्या, तळशील तेव्हा दोन माझ्या नावाच्या खा, आणि लोभही तसाच गरम ठेव.

तुझी ग्लाशा


सोलिकाम्स्क, २० नोव्हेंबर

चि. ग्लाशास,
रिम्मा आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी उभ्यानेच वाचलं, कारण खुर्चीवर मांजर होतं आणि ते माझं ऐकत नाही.

मी आजवर एकही कार्यक्रम आत जाऊन पाहिलेला नाही. कोट सोडून जाणार कशी? पण कार्यक्रम कसा झाला ते मला कोटांवरून बरोबर कळतं. बरा असला तर शेवटच्या गाण्याला दहाबारा माणसं रांग चुकवायला धावत येतात. वाईट असला तर मध्यंतरातच निम्म्या खुंट्या रिकाम्या होतात. मॉस्कोचा एक भला मोठा गवई आला होता, त्याच्या तिसऱ्याच गाण्याला माझे सत्तर कोट गेले. शेवटपर्यंत कोणीच आलं नाही असं एकदाच झालं, तेव्हा बाहेर बर्फाचं वादळ होतं. तर तुझी परीक्षा माझ्या खुंट्यांवर होईल.

तुझ्या बापाला मी सांगितलं. म्हणाला, दातांचा डॉक्टर कधी उपाशी मरत नाही, आणि कवीला दात हवेत कशाला, चावायला काही असतं का? मी म्हटलं, कवळी लावणाऱ्याने दातांच्या गोष्टी करू नयेत. तेव्हा तो उठून खोलीत गेला. पण परवा पाहते तर हा कोटाच्या मानेमागच्या, खुंटीला अडकवायच्या कडीला दुहेरी दोऱ्याने टाके घालत बसलाय. तुटक्या कडीचा कोट मी देवाचासुद्धा घेत नाही, हे गावाला ठाऊक आहे. म्हणजे तो येतोय.

ती कविता म्हण. माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते, तो मोडणार नाही. अंग सांभाळ, लोकरीचे मोजे घाल, आणि आत्यावरचा लोभ मोज्यांइतका तरी जाड असू दे.

रिम्मा आत्या


पेर्म, १५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रस्ता बंद होईल म्हणून मकारने मला कार्यक्रम संपल्या संपल्या गाडीत कोंबलं, तुला भेटताही आलं नाही. टाळ्या खूप झाल्या. शाळेतल्या बाई पहिल्या रांगेत बसून माझे उच्चार सुधारत होत्या. मकारला तीन बायकांनी जेवायला बोलावलंय, आणि एकीने त्याच्या करवतीला धार लावून द्यायची तयारी दाखवली.

पण आत्या, बाबा शेवटच्या रांगेत होते ते मी पाहिलं. 'फलाट' निम्म्यावर आली आणि ते उठून बाहेर गेले. पुढची कविता मी कशी म्हटली ते मकारलाच विचार. मी त्यांना कायमचं गमावलं ना? समजूत घालू नकोस, काय झालं ते लिही. आणि माझ्यावर रागावली असलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

ग्लाशा


सोलिकाम्स्क, १८ डिसेंबर

चि. ग्लाशास,
अ. उ. आ.

तीनशे ब्याऐंशी कोट होते. शेवटाआधी एकच माणूस आला, तुझा बाप. त्याने नंबराचा बिल्ला माझ्यापुढे आपटला. मी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हटलं, कोट मिळणार नाही, कडी तुटलीय. तो म्हणाला, मी स्वतः शिवलीय. मी म्हटलं, म्हणूनच तुटली. संचालकांकडे तक्रार करीन म्हणाला. मी म्हटलं, जा कर, ते आत नाक शिंकरत बसलेत.

बाहेर उणे अठ्ठावीस. बिनकोटाचा जातो कुठे? मग मी त्याला बाहीला धरून सभागृहाच्या दाराशी नेलं आणि दार किलकिलं केलं. तो तिथे शेवटपर्यंत उभा राहिला. मीही राहिले, कोट वाऱ्यावर सोडून, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बाई गं, तू इतकं चांगलं म्हणतेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

मग जे व्हायचं तेच झालं. माणसं कोटाला आली तर आत कोणीच नाही, रांग पार जिन्यावर. तुझा बाप माझ्या मदतीला शिरला आणि दिसेल त्याला दिसेल तो कोट देत सुटला. गुरांच्या डॉक्टरांची बायको अग्निशमन दलाच्या साहेबांचा कोट घालून घरी गेली. अजून अकरा कोट गावात एकमेकांना शोधतायत. मला लेखी समज मिळालीय, मी ती फ्रिजवर लावलीय.

 आज सकाळी तुझा बाप हा लिफाफा देऊन गेला. मी वाचला नाही, कारण फारच घट्ट चिकटवलाय. लोभ किती ते तुला आता कळलंच असेल.

रिम्मा आत्या


सोलिकाम्स्क, १८ डिसेंबर

चि. ग्लाफिरास,
अ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही, म्हणून वर तुझं पूर्ण नाव लिहिलंय. कविता ऐकली. बॅग बरोबर आहे. पाठ फिरवून गेलो तेही बरोबर आहे. पण हात केला नाही असं म्हणालीस तेव्हा मी उठलो, कारण ते खरं नाही.

फलाटावर लोकांदेखत मला जमेना. म्हणून मी पूल ओलांडून पलीकडच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिथे गाडी हळू चालते. तू कुठल्या खिडकीत आहेस ते कळेना, म्हणून प्रत्येक खिडकीला हात केला. डब्याडब्यांतून अनोळखी माणसांनी उलट हात केला, एका सैनिकाने तर सलाम ठोकला. तू केला नाहीस. मला वाटलं, तू पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. म्हणून पाच वर्षं गप्प बसलो.

त्या दिवशी रिम्माने दारात उभं केलं, म्हणून कवितेचा शेवट ऐकला. फलाट दिसेनासा होईपर्यंत तू त्याच बाजूला बघत होतीस म्हणे. मी दुसऱ्या बाजूला होतो, बाळा.

तेवढं दुरुस्त कर. यमक बिघडलं तर बिघडू दे.

आठ जानेवारीच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. सातवा डबा, फलाटाच्या बाजूची खिडकी. लोभ असेल तर हात कर.

बाबा